गाइडबाहेरचं उत्तर

“सर, ऑस्टिओक्लास्टमधल्या ‘क्लास्ट’चा अर्थ काय?” विचारून दाखवच, असं मैत्रिणी म्हणाल्या, म्हणून मी विचारलं.

“परीक्षेत येत नाही तो. गाइडमधली व्याख्या पाठ कर,” बायोलॉजीचे सर म्हणाले. वर्ग खिदळला.

मी वाचनालयातला जाडजूड शब्दकोश उघडला. मूळ ग्रीक, अर्थ तोडणं. म्हणजे ही हाड तोडणारी पेशी! चाचणीत मी तेच माझ्या शब्दांत समजावून लिहिलं. सरांनी शून्य दिलं, वर शेरा: ‘हिला बायोलॉजी झेपणार नाही.’

“मग बारावीला बायोलॉजी सोडून दे,” शेरा ऐकून जेवताना बाबा म्हणाले.

मी उत्तरपत्रिका आई-बाबांच्या ताटांच्या मधोमध ठेवली. “यातलं एक वाक्य चुकीचं दाखवा. आई, तूही बघ.”

दोघांनी दोनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही.

“बायोलॉजी मी सोडणार नाही. आणि उद्या हा पेपर प्राचार्यांकडे नेणार आहे.”