खाचेवरची चिकटपट्टी

चंपाच्या पुण्यानुमोदनाची वंदना झाली, भन्ते भोजनदान घेऊन गेले, तरी येरवड्याच्या विहारातून घरी आलेल्या बायका उठल्या नाहीत. चंपाच्या फोटोपुढची मेणबत्ती अर्ध्यावर आली होती.

"दाजी, ती कॅसेट लावा ना," चंपाची बहीण सुंदराबाई म्हणाली. "भीमजयंतीत म्हटलेली गाणी. तेवढाच आवाज राहिलाय तिचा."

चंपाचे नवरे सुखदेव, त्यांनी कपाट उघडलं. "मी कॅसेटच्या खाचेवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवलाय. म्हटलं, चुकून कुणी वर दुसरं काही भरायला नको."

त्यांची मुलगी पूर्वा भिंतीला टेकून उभी होती. उघड्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. कंपनी तिला माद्रिदला पाठवणार असं ठरलं तेव्हा तिनंच ती लावली होती. दोन्ही बाजू नव्यानं भरल्या होत्या. नवी कॅसेट आणायला चौकापर्यंत जावं लागलं असतं, आणि आईचं गाणं काय, रोज घरात होतंच.

"बाबा, तो टेप नीट चालत नाही."

"चालतो. कालच पुसून ठेवलाय."

चिकटपट्टी त्यांच्या अंगठ्याखाली आली. ते थांबले. पण बायका पदर सावरून बसल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं.

"दोंदे एस्ता ला एस्तासिओन? स्टेशन कुठे आहे?" पूर्वाचा आवाज खोलीभर झाला.

"हे काय गं?" सुंदराबाईनं विचारलं.

"स्पॅनिश. प्रवासात लागणारी वाक्यं."

"आणि आमची चंपा?"

टेपमधली पूर्वा तिकीट मागत होती, मग खिडकीजवळची जागा. दर वाक्याला न विसरता 'पोर फावोर', म्हणजे 'कृपया', म्हणत होती.

"थांबा," सुंदराबाईनं हात वर केला. "ऐका."

सगळ्या पुढे वाकल्या. स्पॅनिशच्या मागे, लांब स्वयंपाकघरात, कुणीतरी पोळ्या लाटता लाटता गुणगुणत होतं. चंपाच. एक ओळ झाली, दुसरी झाली.

"आई, गप्प बस ना जरा! रेकॉर्ड होतंय."

गुणगुणणं थांबलं. लाटण्याचा आवाजही थांबला. मग टेपमधल्या पूर्वानं पाण्याची बाटली मागितली, कृपया.

खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पूर्वा टेप बंद करायला पुढे झाली. सुखदेवांनी तो उचलून तिच्याच हातात दिला.

"तूच लाव पुन्हा," ते म्हणाले. "कुठून ते तुला माहीत आहे."

तिनं रीळ मागे नेलं. स्टेशन, तिकीट, खिडकी. बायका पुन्हा वाकल्या. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिचं बोट बंद करायच्या बटणावरच होतं, ओळ संपताच दाबायला.

"आई, गप्प—"

या वेळीही बटण उशिराच दाबलं गेलं.