निळा तो निळा

"यात पत्त्यांचा कॅटच नाहीये!" मास्तरणीने लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर जवळजवळ आपटला. प्रोग्राम लिहिणं तिचं काम. पण कुणाची चूक दिसली की सोडायची नाही, म्हणून ऑफिसात सगळे तिला मास्तरीणच म्हणत.

साहेबांनी चहाचा कप सावरला. "मग स्क्रीनवर दिसतात ती काय बसची तिकिटं आहेत?"

"नुसती चित्रं आहेत ती. बावन्न पानांची यादी करायची, एकदा पिसायची, वरून एकेक पान द्यायचं. एवढं साधं काम! तुमच्या मेव्हण्याने यादीच केली नाही. गडी पान उलटतो, तेव्हा संगणक ठरवतो कुठलं द्यायचं. जिंकत असला तर हलकं. हरून कंटाळला तर एक्का, म्हणजे उठून जायला नको. काल एकाच डावात बदामची राणी दोनदा आली!"

"कुणाला कळतंय? पाठ तर सगळ्यांची सारखी."

"पाठही सारखी नाही," ती फणकारली. "जाहिरातीसाठी छापलेल्या पहिल्या कॅटमध्ये छापखान्याने घोळ घातला. भांडून दुसरा आणला, तर त्याचा निळा जरा गडद. दोन्ही डबे माझ्या खणात पडलेत. परत पाठवा म्हणून महिनाभर घसा कोरडा करतेय."

"बाई गं, निळा तो निळा! उगाच कीस काढू नकोस."

"सोमवारी हा खेळ बाजारात जाणार, आणि त्यावर पहिलं नाव माझं. खरा कॅट घालू द्या, नाहीतर माझं नाव काढा. मी पण जाते."

आता साहेबांचाही पारा चढला. "मला धमकी? नशिबावर एवढा विश्वास ना तुझा? मग आण तो कॅट. एकेक पान काढू. माझं मोठं निघालं तर मेव्हण्याचंच राहील, आणि तू ब्रही काढायचा नाहीस. तुझं निघालं तर घाल तुझी यादी."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर!"

खणातून डबा आणायला तिला थोडा वेळ लागला. तोवर टेबलाभोवती सगळं ऑफिस जमलं होतं. साहेबांनी पानं स्वतः पिसली, सराईतासारखी, आणि पालथी पसरली.

"तुम्ही आधी," ती म्हणाली.

साहेबांनी मधलं पान ओढलं. चौकटची दुर्री.

मागून कुणीतरी खुसखुसलं. मास्तरणीने चष्मा वर सरकवला, पानांवरून सावकाश नजर फिरवली आणि कडेचं एक पान उचललं. किल्वरची सत्ती.

"बघितलंत?" तिचा आवाज रागाने अजून थरथरत होता. "खऱ्या कॅटमध्ये असं असतं. आज माझं, उद्या तुमचं. कुणी आतून ठरवत नाही."

"घाल बाई, घाल!" साहेबांनी दुर्री टेबलावर भिरकावली. ती खाली पडायच्या आत मास्तरणीने पकडली, भराभर सगळी पानं गोळा केली आणि आपल्या जागेवर गेली.

संध्याकाळपर्यंत बावन्न पानांची यादी खेळात बसली. मग तिने खण उघडला. किल्वरची सत्ती गडद निळ्या डब्यात परत ठेवली, आणि फिक्या निळ्या डब्यात चौकटच्याच बाकीच्या एक्कावन्न दुर्ऱ्यांशेजारी ही बावन्नावी सरकवली.