भांडखोर पेशी

मास्क लावून ती बाबांच्या खाटेपासून लांब बसली होती. तिनं दिलेल्या मूळपेशी त्यांच्या अंगात नुकत्याच रुजू लागल्या होत्या.

उकडलेलं सफरचंद चिवडत बाबा म्हणाले, “तुझ्या पेशींमधल्या भांडखोर तेवढ्या आधीच गाळल्या म्हणे. नाहीतर माझ्यावरच उलटल्या असत्या. मग उरलं काय गं तुझ्यात?”

“भरपूर! मुकाट्यानं खा.”

दुसऱ्या दिवशी बाबांना ताप आला. विषाणू साधाच होता, पण त्याच्याशी लढणाऱ्या पेशीही त्या भांडखोरांमधल्याच. नव्या तयार व्हायला अजून अवकाश होता. आठवड्यात सगळं संपलं.

खोली आवरायला आलेल्या नर्सला तिनं खुणेनं थांबवलं. मास्क काढून ती खाटेच्या अगदी जवळ बसली.

“बाबा,” रिकाम्या उशीकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली, “तुमच्याशी भांडायला मला फार आवडायचं हो.”