तिसरे मूत्रपिंड

"मॅडम, ह्यात तीन हायत."

रोहिणीने चिमटा खाली ठेवला. टेबलाभोवतीचे दहाही विद्यार्थी हसले.

"गेल्या आठवड्यात हिला एक किडनी सापडत नव्हती," कोणीतरी म्हणाले. "आता एकावर एक फ्री."

डॉ. संयोगिता हसल्या नाहीत. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती आणि विद्यार्थ्यांच्या मोजणीवर त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नव्हता. त्या टेबलापाशी आल्या.

देह क्रमांक सात. पुरुष, पन्नाशी ओलांडलेला. चेहरा कापडात गुंडाळलेला. डोके आणि मान वर्षाच्या अखेरीस शिकवतात, तोवर तो कोणी उघडत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, दोन मूत्रपिंडे होती. आक्रसून खारकेएवढी झालेली. तिसरे मात्र पुष्कळ खाली होते, उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या खोबणीत. मुठीपेक्षा मोठे, गुळगुळीत, निरोगी.

"मोजणी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे प्रत्यारोपण. जुनी मूत्रपिंडे निकामी झाली तरी सहसा काढत नाहीत. नवे खाली बसवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे जवळ असतात आणि मूत्राशयही हाताशी असते. तिथे राहून ते आपले काम चोख करते. दिवसाला शंभरएक लिटर द्रव गाळायचा आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत द्यायचा."

"म्हणजे ही दुसऱ्या कुणाची तरी हाय?" रोहिणीने हात मागे घेतला.

"होय. आणि देणारा बहुधा जिवंत असेल."

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचे डावे मूत्रपिंड धाकट्या भावाला, उदयसिंहाला, दिले होते. विषय परका नव्हता.

त्यांनी चिमट्याने चरबी बाजूला सारली आणि त्यांचा हात थबकला. या मूत्रपिंडाला धमन्या दोन होत्या. त्यातून निघणाऱ्या मूत्रवाहिन्याही दोन होत्या, थेट मूत्राशयापर्यंत वेगवेगळ्या.

स्वतःच्या तपासणीचा अहवाल त्यांना पाठ होता. डावे मूत्रपिंड: धमन्या दोन, मूत्रवाहिन्या दोन.

त्यांनी मनातल्या मनात गणित मांडले. दोन धमन्या चौघांत एकाला असतात. दोन मूत्रवाहिन्या शंभरात एकाला. दोन्ही एकत्र, ढोबळमानाने, चारशेत एकाला. चारशेत एक म्हणजे शक्यता; पुरावा नव्हे. शिवाय उदयसिंह शिरोळजवळच्या गावी होता, धडधाकट होता. तो गेला असता तर कोणीतरी कळवलेच असते.

कोण कळवणार होते? सात वर्षांपूर्वी माहेरचा एकूण एक नंबर त्यांनीच ब्लॉक केला होता.

निमित्त होते एका डिजिटल फलकाचे. उदयसिंहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गावच्या चौकात वीस फुटी फलक लागला होता: 'जोतिबाच्या कृपेने पुनर्जन्म!' त्यावर सरपंच होता, तालमीतली पोरे होती, उदयसिंहाचा बैलसुद्धा होता. मूत्रपिंड देणारी आक्का तेवढी नव्हती. भर पंगतीत, साऱ्या भावकीसमोर त्या म्हणाल्या होत्या, "देवानं दिली म्हणतोस न्हवं? मग माझी मला परत दे."

"देणार की आक्का," उदयसिंह हसला होता. "तुझीच हाय ती."

पंगतही हसली. त्या भरल्या ताटावरून उठल्या, त्या परत गेल्याच नाहीत.

"केरबा," त्यांनी विभागाच्या जुन्या शिपायाला हाक मारली, "सात नंबरची फाईल."

"आणतो की. च्या तेवढा हुंदे."

"आत्ता."

त्यांचा आवाज ऐकून केरबाने कप तसाच ठेवला.

फाईल आली. देह मे महिन्यात आला होता. तेव्हा त्या सुट्टीवर, मुलीकडे बंगळूरला होत्या. मृत्यूचे कारण हृदयविकाराचा झटका. देह सुपूर्द करणाऱ्याची सही राजवीरची. त्यांच्या सख्ख्या भाच्याची. मृताच्या नावावर त्यांनी बोट ठेवले आणि ते अक्षर अक्षर सरकवत नेले. नाव बदलले नाही.

गेले पाच महिने या टेबलाजवळून त्या रोज ये-जा करत होत्या. परवा तर त्यांनी याच टेबलाच्या कडेवर हजेरीपट टेकवला होता.

"मॅडम, बसता का? खुर्ची दिऊ?" रोहिणी विचारत होती. त्यांनी टेबलाचा गार काठ घट्ट धरला होता.

म्हणजे त्याने शब्द खरा केला. चारचौघांत मागितलेली वस्तू चारचौघांत, त्यांच्याच टेबलावर आणून टाकली. मेल्यावरही टोमणा. निष्कर्ष सरळ होता. पुरावा समोर होता.

फाईल मिटताना मागे टाचलेला कागद सुटा झाला. देहदानाचा मूळ अर्ज, कडांना पिवळा पडलेला. 'विशेष इच्छा' या रकान्यात उदयसिंहाचे वेडेवाकडे अक्षर होते:

'आक्का म्हणती जुन्या दोन आतच राहत्यात. म्हंजे माझ्यात तीन झाल्या. तिसरी आक्काची हाय. कालेजच्या पोरास्नी ती आक्कानंच दावावी. आत्ता तिला सांगू नये, रडंल.'

त्यांनी खालची तारीख पाहिली. शस्त्रक्रियेनंतरचा एकविसावा दिवस. त्या स्वतः अजून रजेवर होत्या. फलक लागायला तीन वर्षे अवकाश होता.