नाव तुझं, शर्ट माझा

डॅरेल स्टेडियमच्या बोगद्यातून डावीकडे वळला आणि म्हातारा रखवालदार आडवा आला.

"तिकडे कुठे साहेब? पाहुण्यांची खोली उजवीकडे."

डॅरेल हसला, पण कान तापले. चौदा वर्षं तो डावीकडे, इथल्या स्टीमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या खोलीकडे, वळत आला होता. आज अंगात पांढरा शर्ट होता, बायसन संघाचा. या सरोवराकाठच्या शहरात पांढरा म्हणजे शत्रूचा रंग.

वसंतात स्टीमर्सच्या मालकांनी त्याला बोलावून घेतलं. खांदा दुखावलाय, वय झालंय, तुझ्या जागी तरुण क्वार्टरबॅक घेतलाय, तुझे फार उपकार आहेत. कॉफी गार व्हायच्या आत सगळं आटोपलं. मालकांचं त्याला फारसं वाटलं नाही. मालक म्हणजे धंदा, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. पण तो बायसनमध्ये गेला आणि इथे लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट भर चौकात जाळले. तेव्हापासून एकच काटा सलत होता. मालकांनी सोडलं ते सोडलं, गावानेही सोडलं का? बायकोला विचारावं तर ती याच गावची. ती म्हणे, जा आणि बघ.

खोलीत त्याला बसवेना. बुटाची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. शेवटी सगळ्यांच्या आधीच तो सरावाला मैदानात आला.

कठड्याशी सासरा उभा होता. स्टॅन, बंदरावरचा जुना क्रेनवाला. अंगात तोच स्टीमर्सचा हिरवा शर्ट, पाठीवर डॅरेलचाच आकडा. आकड्यावरच्या नावावर मात्र चिकटपट्टी मारलेली.

"काय पॉप, नाव का झाकलंत?"

"नाव तुझं आहे. शर्ट माझा आहे."

"म्हणजे आज माझ्या नावाने शंख करणार?"

"घसा फाटेपर्यंत! रात्री घरी ये, बटाटा भरून पिएरोगी केल्यात, पोट फुटेस्तोवर खा. घरी तू जावई. इथे तुझा शब्द तुझ्या शेजारच्याच्या कानात पडू देणार नाही मी."

"ब्लडप्रेशरची गोळी घेतलीत ना पण?"

"तू तुझा खांदा सांभाळ, जावईबापू!"

स्टॅन हसला नाही. डॅरेलही हसला नाही.

या खेळात प्रेक्षकांचं कामही ठरलेलं असतं. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारा गडी, इशारा पुकारायला उभा राहिला की चिडीचूप. पाहुण्यांचा उभा राहिला की असा गलका करायचा की त्याच्याच गड्यांना त्याचा आवाज जाऊ नये. इथे तर डॅरेलने दोन्ही तळवे जमिनीकडे दाबले की सत्तर हजार माणसं गप्प व्हायची. आया पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. कारखान्याच्या भोंग्यालाही न जुमानणारं गाव, पण त्या दोन तळव्यांपुढे मुकाट.

म्हणून बायसनचा प्रशिक्षक आठवडाभर मैदानावर कर्ण्यांवर गलका लावून सराव घेत होता. आवाज द्यायचाच नाही. डॅरेलने डावी टाच उचलली की चेंडू मागे यायचा. "तुझा घसा आज घरीच ठेव," तो डॅरेलला म्हणाला होता.

बायसन मैदानात उतरले आणि हुर्यो सुरू झाली. डॅरेलचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तर कठडे हादरले. काटा खोल रुतला. पण त्यातही त्याला जरा बरं वाटलं. चला, निकाल लागला. सोडलं तर सोडलं.

मग चेंडू त्याच्या हाती यायची वेळ झाली. गलक्याने शिरस्त्राणात कान बधिर झाले. समोर हिरव्या शर्टातले त्याचे जुने सोबती दबा धरून बसलेले. पुढ्यात बायसनचा गडी चेंडूवर वाकलेला, नजर मागे, डॅरेलच्या टाचेवर. डॅरेल उभा राहिला, त्याने डावी-उजवीकडे नजर फिरवली, आणि त्याचे हात आपोआप पुढे आले. दोन्ही तळवे जमिनीकडे दाबले गेले.

काय केलं हे कळलं तेव्हा त्याने जीभ चावली. शत्रूच्या मैदानात शत्रूलाच गप्प बसा म्हणणारा शहाणा! आता हसं होणार, वर दुप्पट गलका.

गलका उतरला.

आधी कठड्याजवळचे गप्प झाले, मग त्यांच्या वरचे, मग पार छपराखालचे. हातातले पेले हातात राहिले. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, ती ऐकू येऊ लागली. हिरव्या शर्टातला एक धिप्पाड गडी दबा सोडून सरळ उभा राहिला आणि वर प्रेक्षकांकडे बघू लागला. हे काय चाललंय ते त्याला कळेना. प्रेक्षकांनाही कळत नसावं.

असं आयतं घबाड पाहुण्याला कधी मिळत नाही. हवा तो इशारा द्यावा, आपल्या शेवटच्या गड्यालाही ऐकू जाईल. डॅरेलने तोंड उघडलं. घशातून आवाज निघेना. टाचही उचलवेना. घड्याळ पळत होतं.

तेवढ्यात कठड्याकडून एकच चिरका आवाज आला. तो त्याने डोळे मिटूनही ओळखला असता.

"अरे ओरडा की गाढवांनो! तो आपला नाही राहिला आता!"

कुणी ओरडलं नाही. दुसऱ्यांदा तर स्टॅनही ओरडला नाही.