सारख्या बाटल्या

विषाणूमुळे बुबुळाला संसर्ग झालेल्या रुग्णांवर नव्या थेंबांची चाचणी चालू होती. कुणाच्या बाटलीत नवं औषध आणि कुणाच्या जुनं, याचा पत्ता डॉक्टरीणबाईंनाही लागू द्यायचा नाही, असा नियम. एका शिंप्याचा डोळा छान निवळत चालला, पण याच चाचणीत असलेल्या, बाईंना लहानाचं मोठं करणाऱ्या आत्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडायला लागलं. शेवटी राहवेना, तेव्हा बाईंनी त्या दोघांच्या बाटल्या गुपचूप बदलल्या.

चाचणी संपली, नवं औषधच सरस ठरलं आणि बाटल्यांचं गुपित उघडलं. नवं औषध आधी आत्याच्याच बाटलीत होतं. तोवर तिचा तो डोळा गेला होता.

 

"रडतेस कशाला, वेडे?" भाचीच्या पाठीवरून हात फिरवत आत्या म्हणाली. "माझ्यासाठीसुद्धा तू नियम मोडला नाहीस, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते."