डबल अक्षरांची वही

पट्टी खाडकन बालाजीच्या बोटांवर बसली.

“परत,” शिवकन्या म्हणाली. “कमिटी.”

शिवकन्या ही बालाजीची धाकटी लेक, सहावीत शिकणारी. बालाजीचं वय एकेचाळीस. सीमाभागातल्या खटकचिंचोळी गावात नळाला पाणी सोडायचं काम तो बारा वर्षं करत होता, तेही रोजंदारीवर. पंचायतीच्या साहेबांनी एकदाचं सांगून टाकलं होतं, दहावी पासचा कागद आण, कायमच्या यादीत नाव घालतो, पण यंदा नाही आणलास तर यादी बंद. कन्नड सुटलं, गणितासारखं गणित सुटलं. इंग्रजी मेलं दोनदा बसूनही सुटेना. तिसरी खेप येत्या सोमवारी होती.

त्यात हे डबल अक्षरांचे शब्द म्हणजे जिवाला घोर. एकदा लिहून भागतंय तर तेच अक्षर दोनदा कशाला, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. कमिटीत तर तीन-तीन जोड्या. पाणी कमिटीच्या मीटिंगला बालाजी दर महिन्याला चहा वाटायचा, दिवसातून दहादा कमिटी म्हणायचा. लिहायला बसला की एक जोडी हमखास निसटायची.

शब्द होते माउलीच्या जुन्या वहीत. माउली थोरला. आठवीत असताना त्यानं शब्द, पुढं स्पेलिंग आणि त्याच्या पुढं अर्थ, असं ओळीनं लिहून काढलं होतं. अर्धी वही भरली, अर्धी कोरीच राहिली. पट्टीही त्याचीच, मधे फुटलेली, दोऱ्यानं गुंडाळलेली. नववीत शाळा सोडून पोरगं हैदराबादला कुठल्याशा हॉटेलात कामाला गेलं, त्याला आता तीन वर्षं झाली. आईला फोन करायचा, बापाला नाही. त्याच्या टाळक्यात अभ्यास शिरतच नव्हता, असं बालाजी येईल-जाईल त्याला सांगायचा.

“सी, ओ, डबल एम, आय, टी...”

पट्टी बसली.

“डबल टी, अप्पा. डोस्क्यात काय शेण भरलंय का तुमच्या?”

दारात तुरीची डाळ निवडत बसलेली दीपमाला, बालाजीची बायको, तोंडाला पदर लावून हसली. बालाजीलाही हसू आलं. एवढीशी पोर मास्तरीण झाली होती, आणि शिव्यासुद्धा अहो-जाहो करून देत होती. पण असलं हसू किती वेळ पुरणार? ‘ॲड्रेस’ आलं. अर्थ पत्ता, तेवढं बरोबर सांगितलं, पण डी एकच लावला. शिवकन्येनं त्याचा कान धरून पिळला. ‘सक्सेस’ चुकलं तेव्हा तिनं वही जमिनीवर आपटली आणि तुम्ही म्हशी राखायच्याच लायकीचे, असं सुनावलं. मग त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. सगळे शब्द पहिल्यापासून म्हणायचे, एक जरी चुकला तरी आज भाकर नाही, हेही बजावलं.

दीपमालाचं हसू केव्हाच थांबलं होतं. सुपातल्या डाळीवर तिचा हात नुसताच पडून होता.

बालाजी भिंतीकडं तोंड करून ‘ए, डबल डी’ म्हणत होता आणि आतून तापत होता. नोकरीसाठी माणसानं सोसावं तरी किती! दुपारच्या वेळी लोक पडून राहतात, आणि हा आपल्याच घरात चोरासारखा भिंतीशी उभा. बरं, ही पोर हे शिकली कुठं? हिच्या अंगाला घरात कधी कुणी बोट लावलेलं नाही. म्हणजे हे शाळेतलंच. तो शिवशरण मास्तर, कपाळाला विभूती, तोंडात साखर, गावभर ज्याला त्याला नमस्कार, आणि वर्गात लेकरांचे हे हाल! बालाजीचा जीव नुसता चरफडत होता.

पुन्हा कमिटी आलं. पुन्हा एक जोडी निसटली. या खेपेला पट्टी पाठीत बसली.

बालाजी गर्रकन वळला. त्यानं पट्टी हिसकावून घेतली, वही कोपऱ्यात भिरकावली आणि पायात चप्पल घातली. सोमवार गेला खड्ड्यात, पंचायतीची यादीही गेली खड्ड्यात. आधी त्या मास्तराच्या दारात जाऊन उभा राहतो म्हणाला. तालुक्याला भालकीला जाऊन शाळाखात्याच्या साहेबाकडं लेखी तक्रार देतो म्हणाला. असल्या मास्तरांपायीच लेकरं शाळा सोडून पळतात म्हणाला.

“लेकराला असं मारून कुठं इंग्लिश येतंय व्हय?” त्याचा आवाज चिरकला. “बोल, किती दिवसांपासून मारायलाय त्यो?”

दीपमालानं मान खाली घातली आणि उगाचच डाळ चाळवत राहिली.

शिवकन्या बापाकडं बघतच राहिली. ती घाबरली नव्हती. आपलं काय चुकलं, तेच तिला कळत नव्हतं.

“सर न्हाई मारत, अप्पा,” ती म्हणाली. “माउलीदादाला तुम्ही असंच शिकवायचात की.”